अंतःस्रावी ग्रंथींचे विकार : स्वभाव कोणता व रोग कोणता

गोऱ्हा खच्ची केला म्हणजे त्याचा बैल होतो, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. मोकळ्या वळूची मान जाड होते, वशिंड वाढतें, तो शिंगें रोखून अंगावर येतो. खच्ची केलेला बैल मानेनें हलका, वृत्तीनें शांत व जुंवाखालीं निमूट चालणारा होतो. दोन लहानशा वृषणांच्या जाण्यानें जनावर डोक्यापासून शेपटापर्यंत कसें पालटतें, याचा विचार मात्र आपण क्वचितच करितों. वळूचा राग कांहीं वृषणांत नसतो, तो डोक्यांत असतो. मग तेथून डोक्याकडे निरोप जातो तो कोणत्या वाटेनें?

हा प्रश्न १८४९ सालीं जर्मनींतील गटिंगेन येथें बर्टोल्ड नांवाच्या प्राध्यापकानें कोंबड्यांवर प्रयोग करून सोडविला. ज्या कोंवळ्या कोंबड्यांचे वृषण त्यानें काढून टाकले त्यांचे तुरे वाढले नाहींत, आरवणें नाहींसें झालें, झुंजीची खोड गेली. ज्यांच्या पोटांत मात्र वृषण दुसऱ्याच जागीं नेऊन बसविला, ते पुढें इतरांसारखे कोंबडेच झाले. जागा बदलतांना जुने मज्जातंतु तर तुटले होते. तेव्हां निरोप रक्तांतूनच जात असला पाहिजे, असें अनुमान निघालें. पुढें १९०२ सालीं लंडन येथें बेलिस व स्टार्लिंग या दोघां शास्त्रज्ञांनीं आंतड्यांतून रक्तांत उतरून स्वादुपिंडास कामास लावणारें द्रव्य दाखवून दिलें, आणि १९०५ सालीं स्टार्लिंगनें अशा द्रव्यांस हार्मोन हें नांव दिलें. मराठींत त्यांस संप्रेरक म्हणतात. लाळेच्या ग्रंथीस नळी असते. ती पाटानें पाणी दिल्याप्रमाणें आपला रस ठरल्या ठिकाणीं सोडते. अंतःस्रावी ग्रंथीस नळी नाहीं. ती आपलें द्रव्य थेट रक्ताच्या प्रवाहांत सोडते, तें सर्व शिवारभर फिरतें, व ज्या अवयवास तें ओळखतां येतें तोच तें उचलतो.

दुसरें उदाहरण याहूनहि जवळचें, रोज पहाटेचें आहे. वासरूं कासेस लाविलें कीं गाय पान्हवते. पान्हा म्हणजे मायेचा उमाळा अशी आपली समजूत आहे व ती अगदींच खोटी नाहीं. परंतु त्या मायेची वाट ठरलेली आहे. वासराच्या ओढीची जाणीव मज्जातंतूंनीं मेंदूंत जाते. मेंदूच्या तळाशीं पोषग्रंथि नांवाची लहानशी ग्रंथि आहे, तिच्यांतून ऑक्सिटोसिन हें द्रव्य रक्तांत उतरतें. आणि थोड्याच वेळांत तें कासेंत पोंचून दूध तयार करणाऱ्या पेशींभोंवतालचे सूक्ष्म स्नायु आंवळतें, तेव्हां दूध सडांत येतें. हा अंमल कांहीं मिनिटांपुरताच असतो, म्हणून धार रेंगाळत काढली तर दूध आंत राहतें. धारेच्या वेळीं कुत्रें अंगावर आलें किंवा गड्यानें काठी उगारली तर मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून भीतीचें द्रव्य सुटतें व पान्हा आटतो. गायीनें पान्हा चोरला असें आपण म्हणतों. ती बिचारी कांहीं चोरीत नाहीं. हेंच ऑक्सिटोसिन रोज सुईनें टोंचून दूध काढण्याची चाल कित्येक गोठ्यांत शिरली आहे. दूध वाढविण्याकरितां जनावरास अपायकारक टोंचणी करणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे, एवढें नमूद करून पुढें जातों.

हीं उदाहरणें आरंभीं देण्याचें कारण असें कीं, जनावराच्या बाबतींत शेतकरी जी गोष्ट सहज मान्य करितो ती तो माणसाच्या बाबतींत मान्य करीत नाहीं. बैल शांत झाला तो ग्रंथि गेल्यामुळें, हें त्यास कळतें. परंतु घरांतील सून दिवसेंदिवस सुस्त होऊं लागली तर ती आळशी. मुलगा शाळेंत मागें पडला तर तो मठ्ठ. थोरला भाऊ एकाएकीं चिडखोर झाला व वाळूं लागला तर त्याच्यावर कोणी करणी केली. ग्रंथींचे विकार चोरपावलांनीं येतात. ताप नाहीं, जखम नाहीं, अंथरुणास खिळणें नाहीं. त्यामुळें नातलग त्या माणसास वर्षानुवर्षें रोगाच्याच नांवानें हांक मारीत राहतात, मात्र तें नांव स्वभावाचें असतें. आम्ही सारें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत घालविलें. वैद्यकीचा अधिकार आम्हांस नाहीं. तरी या विकारांतील बहुतेकांचा शोध रक्ताच्या एका तपासणीनें लागतो व पुष्कळांचा उपाय थोड्या पैशांत होतो, हें समजल्यावर गप्प राहणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

सर्वांत अधिक आढळणाऱ्या ग्रंथिविकारांपैकीं एक अवटु ग्रंथीचा, म्हणजे ज्यास लोक थायरॉईड म्हणतात त्याचा. गळ्याच्या पुढील भागीं, घांटीच्या खालीं, फुलपांखरानें पंख पसरावे तशी ही ग्रंथि असते. वजन फार झालें तर दोन तोळे. अन्नपाण्यांतून आलेलें आयोडीन वेंचून घेऊन ती त्यापासून थायरॉक्सिन तयार करिते. शरीराच्या चुलींत जाळ किती ठेवावयाचा हें या द्रव्यावर अवलंबून असतें. जाळ मंदावला म्हणजे माणूस थकतो, इतरांस उकडत असतां त्यास थंडी वाजते, खाणें वाढलें नसतां वजन वाढतें, शौचास खडा होतो, कातडी कोरडी पडते, केंस गळतात, आवाज घोगरा होतो, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, नाडी सावकाश चालते, विसर पडतो, मन उदास राहतें. स्त्रियांची पाळी अनियमित होते, अंगावरून फार जाऊं लागतें, कित्येकींस दिवस राहत नाहींत. यांतील प्रत्येक लक्षण सुटें घेतलें तर कोणासहि असूं शकेल. तीं पांच-सहा एकत्र आलीं व महिनोन् महिने टिकलीं म्हणजे संशय घ्यावा.

एका कुटुंबांत आम्हीं हा प्रकार जवळून पाहिला. दोन जावांपैकीं धाकटी लग्न होऊन आली तेव्हां कामास वाघीण होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचें चालणें मंद झालें. खुरपणीच्या पातीवर ती सर्वांच्या मागें राही, दुपारीं बांधावर बसल्या जागीं डोळा लागे. सासूबाई आल्यागेल्यास सांगत, "दोन भाकरी थापल्या की बसली भिंतीला टेकून. अंगानं बघा कशी सुटलीय, अन् म्हणते उठवत नाही." अंग सुटलें होतें म्हणूनच कोणास रोगाचा संशय येईना, आजारी माणूस वाळतो, अशी आपली पक्की समजूत. अखेर तिला माहेरीं धाडण्याची बोलणीं निघालीं व भावास निरोपहि गेला. सुदैवानें त्याच आठवड्यांत गांवच्या आशाताईंनीं तिला रक्त कमी आहे काय हें पाहण्याकरितां सरकारी दवाखान्यांत नेलें. तेथील बाई डॉक्टरांनीं तिचा आवाज ऐकला, पायाची सूज दाबून पाहिली आणि थायरॉईडची तपासणी लिहून दिली. दोष निघाला. रोज एक लहान गोळी सुरू झाली, आणि चार-पांच महिन्यांत ती पुन्हा पातीच्या पुढें आली. आतां ती गोळ्यांची डबी देवळींत सासूबाईच जपून ठेवतात, आणि सकाळीं चहाआधीं हातावर गोळी ठेवतात.

तपासणीचा कागद हातीं आला म्हणजे एक घोटाळा हमखास होतो. कागदावर टी.एस.एच. या नांवापुढें मोठा आंकडा असतो व लोक म्हणतात, थायरॉईड वाढला. वस्तुतः तो कमी झालेला असतो. टी.एस.एच. हें अवटु ग्रंथीचें द्रव्यच नव्हे. तें वरिष्ठ पोषग्रंथीकडून तिला आलेलें ताकीदपत्र होय. आमच्या खात्यांत गांवची वसुली घटली कीं तालुक्याहून तलाठ्यास स्मरणपत्र जाई; वसुली जितकी कमी तितकीं स्मरणपत्रें अधिक व भाषा अधिक कडक. वसुली वेळेवर झाली कीं तालुका मुका. येथेंहि तोच न्याय. थायरॉक्सिन कमी पडलें कीं टी.एस.एच. चढतें, अधिक झालें कीं तें जवळजवळ शून्यावर येतें. मोठ्या माणसांत हा आंकडा साधारणपणें ०.४ ते ४ च्या दरम्यान असावा. प्रयोगशाळेप्रमाणें व गरोदरपणांत त्यांत फरक पडतो. ज्यानें त्यानें आपला कागद स्वतः वाचून गोळी कमीजास्त करूं नये. परंतु आंकडा कोणाचा आहे हें ठाऊक असलें तर डॉक्टर काय सांगतात तें नीट कळतें.

ज्या मुलखांत आयोडीन पुरेसें मिळतें तेथें हा विकार बहुधा शरीराच्या संरक्षक व्यवस्थेच्या चुकीनें होतो. परक्या जंतूंवर तुटून पडणारी ती व्यवस्था आपल्याच ग्रंथीस परकी समजते व हळूहळू ती ग्रंथि खाऊन टाकते. जपानांतील हाशिमोतो या डॉक्टरानें १९१२ सालीं अशा ग्रंथींचें वर्णन केलें. पुरुषांपेक्षां स्त्रियांत हा रोग कितीतरी अधिक. उपायाचा इतिहास शेतकऱ्यास मौजेचा वाटेल. १८९१ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें मरे नांवाच्या तरुण डॉक्टरानें या रोगानें खंगलेल्या एका बाईस मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोंचला. त्या काळीं असे रोगी झुरून मरत. ही बाई त्यानंतर अठ्ठावीस वर्षें जगली. तिच्याकरितां शेंकडों मेंढ्यांच्या ग्रंथि खर्चीं पडल्या. आतां तेंच द्रव्य कारखान्यांत तयार होतें; मेंढी लागत नाहीं.

गोळी घेण्याची रीत मात्र सांभाळली पाहिजे, कारण निम्मे रोगी येथेंच फसतात. ती सकाळीं उपाशीपोटीं साध्या पाण्याबरोबर घ्यावी व पुढें अर्धा ते एक तास चहा, दूध, न्याहारी कांहीं घेऊं नये. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या गरोदर बायकांस मिळतात, त्या हिच्याबरोबर घेतल्या तर ही अंगीं लागत नाहीं. त्यांत चार तासांचें अंतर ठेवावें. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीं पुन्हा तपासणी करावी लागते, कारण त्याआधीं आंकडा स्थिर होत नाहीं. सर्वांत मोठा धोका बरें वाटूं लागल्यावरचा. हें द्रव्य शरीरांत सावकाश सरतें. निम्में सरावयास सुमारें सात दिवस लागतात. म्हणून गोळी सोडणाऱ्यास पहिले आठ-पंधरा दिवस कांहींच जाणवत नाहीं व तो शेजाऱ्यास सांगतो कीं, बघ, गोळीवांचून चाललें. दोन-तीन महिन्यांनीं तो पूर्वस्थितीस येतो, तेव्हां गोळी सोडल्याची आठवण कोणासच राहिलेली नसते. दिवस गेल्यावर तर मात्रा बहुधा वाढवावी लागते. पोटांतील मुलाचा मेंदू पहिले कांहीं महिने आईच्याच थायरॉक्सिनवर पोसला जातो. गरोदरपणीं औषध नको म्हणून ही गोळी बंद करविणाऱ्या वडीलधाऱ्या बायका मायेनेंच तसें करितात, परंतु त्या मायेची किंमत मूल देतें.

जाळ अधिक झाला तर उलट प्रकार. भूक उत्तम असून माणूस वाळतो, हात कांपतात, छाती धडधडते, थंडींतहि घाम सुटतो, झोंप येत नाहीं, कित्येकांचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. करणीचा संशय बहुधा अशांवरच घेतला जातो. यावरहि औषधें आहेत. न केल्यास हृदयाची गति बिघडते.

आतां ज्या गोष्टीकरितां आम्हीं हा लेख मुख्यतः हातीं घेतला ती सांगतों. कांहीं मुलें जन्मतःच अवटु ग्रंथीवांचून किंवा दुबळ्या ग्रंथीसह येतात. जन्मतांना तें मूल अगदीं चांगलें दिसतें, कारण आईच्या रक्तांतील द्रव्यावर तें तोंवर निभावलेलें असतें. पुढें तें फार झोंपतें, कमी रडतें, पिण्यास हळू असतें, त्याची कावीळ लवकर उतरत नाहीं, शौचास कुंथतें, बेंबी पुढें येते, जीभ मोठी वाटते. घरचे कौतुकानें म्हणतात, "किती गुणी बाळ, रडतच नाही." तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत हें कौतुक चालतें. बसण्याच्या वयांत तें बसत नाहीं, बोलण्याच्या वयांत बोलत नाहीं, तेव्हां दवाखान्याची वाट धरतात. आणि तोंवर मेंदूची जी वाढ खुंटलेली असते ती पुढें कितीहि औषध दिलें तरी पुरी भरून येत नाहीं. हेंच औषध जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालें तर तें मूल इतर मुलांप्रमाणें शाळेंत जातें, शेत करितें, संसार करितें. पेरणीचा वापसा साधला तर पीक, चुकला तर कितीहि खत घाला, तशांतला हा प्रकार आहे. तपासणी म्हणजे नाळेंतील रक्त, किंवा दोन-तीन दिवसांनीं टांचेस सुई टोंचून घेतलेले रक्ताचे थेंब. सर्वच दवाखान्यांत ती आपण होऊन करीत नाहींत. म्हणून बाळंतिणीबरोबर जाणाऱ्या माणसानें, मग तो बाप असो कीं आजी, घरीं परतण्यापूर्वीं डॉक्टरांस स्पष्ट विचारावें : बाळाची थायरॉईडची तपासणी झाली काय, व तिचा कागद कोठें मिळेल?

आयोडीनचा उल्लेख वर आलाच आहे. हें द्रव्य जमिनींतून पिकांत व पिकांतून आपल्यांत येतें. डोंगराळ मुलखांत बर्फानें व पावसानें, नदीकांठीं वारंवारच्या पुरांनीं जमिनींतील आयोडीन धुपून जातें. तेथील धान्यांतहि तें नसतें, व ग्रंथि उपाशी राहून फुगते. तोच गलगंड. हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यांत १९५६ सालापासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोठा प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग करून दोहोंस आयोडीनयुक्त मीठ व तिसऱ्यास साधें मीठ पुरविलें. कांहीं वर्षांनीं पहिल्या दोन भागांतील गलगंड स्पष्टपणें घटले, तिसऱ्यांतील घटले नाहींत. या पुराव्यावर १९६२ सालीं देशांत गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढील पाहण्यांत हिमालयापासून दूर असलेल्या प्रांतांत, आपल्या महाराष्ट्रांतहि, असे टापू आढळले. तेव्हां हा पहाडी लोकांचा रोग असें म्हणण्यास जागा राहिली नाहीं. २००६ सालापासून माणसांच्या खाण्याकरितां आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर बंदी आहे.

प्रौढ माणसास रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतें. सबंध आयुष्याची गरज चहाच्या एका चमच्यांत मावेल. पण तें रोजच्या रोज मिळालें पाहिजे. घरीं पोंचणाऱ्या मिठांत दशलक्ष भागांत निदान १५ भाग आयोडीन असावें असा नियम आहे. मात्र मीठ उघड्या बरणींत, ओलाव्यांत किंवा चुलीच्या उबेस ठेवलें तर तें उडून जातें. झांकणाच्या डब्यांत ठेवावें, व साधेल तेथें आमटी उतरतांना घालावें. गुरांकरितां आणलेलें खडे मीठ स्वस्त पडतें म्हणून स्वयंपाकांत वापरण्याची चाल कित्येक घरांत आहे. त्यांत आयोडीन असेलच असें नाहीं. अलीकडे शहरांतून सैंधवाचें खूळ आलें आहे. उपासास सैंधव खुशाल घ्यावें, परंतु रोजचें मीठ टाकून तेंच धरलें तर आयोडीन तुटतें. नैसर्गिक म्हणून एखादी वस्तु पुरी पडतेच असें नाहीं, पावसाचें पाणीहि नैसर्गिकच आहे, पण त्यावर पीक नेहमींच येतें असें कोण म्हणेल? बाजरी खाणाऱ्या वाचकांस आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सूदान देशांतील दार्फूर प्रांतांत, जेथें लोकांचें मुख्य अन्न बाजरी आहे, तेथील गलगंडाचा अभ्यास झाला तेव्हां बाजरींतील कांहीं द्रव्यें ग्रंथीच्या कामास अडथळा करितात असें दिसून आलें. कोबींतहि तशीं द्रव्यें असतात. यामुळें कोणी बाजरी सोडूं नये. आयोडीन पुरेसें मिळत असतां व आहारांत इतर धान्यें असतां त्यांचा उपद्रव होत नाहीं.

शेळ्यामेंढ्यांवरहि लक्ष असावें. गाभणपणीं आयोडीन तुटलें तर करडें अशक्त किंवा मेलेलीं जन्मतात, त्यांच्या गळ्यास गांठ असते, अंगावर केंस विरळ असतात. असें एकाहून अधिक वेतांत दिसलें तर पशुवैद्यास दाखवावें व खनिज मिश्रणाविषयीं विचारावें.

इतर ग्रंथींचे विकार थोडक्यांत आटोपतों. वयांत आलेल्या मुलीची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते, तोंडावर पुटकुळ्या व हनुवटीवर केंस येतात, वजन वाढतें. हा बहुधा बीजकोशांच्या संप्रेरकांचा बिघाड असतो. लग्नाच्या गोष्टींत अडथळा येईल म्हणून तो झांकून ठेवतात व मग मूल होत नाहीं म्हणून तीच मुलगी बोलणीं खाते. वजन आटोक्यांत ठेवल्यानें व औषधानें पुष्कळ सुधारणा होते. मोठ्या वयांत कोणाची अंगठी घट्ट होऊं लागली, वहाणांचें माप वाढूं लागलें, जबडा रुंद झाला, तर पोषग्रंथीवर गांठ असूं शकते. जुनें छायाचित्र शेजारीं ठेवून पाहावें.

एक प्रकार मात्र दैवानें नव्हे तर माणसानेंच केलेला आहे. गुडघेदुखीवर व दम्यावर निनांवी पुड्या विकणारे लोक बाजाराच्या दिवशीं गांवोगांव फिरतात. पुडी घेतली कीं दुसऱ्या दिवशीं म्हातारा काठीवांचून चालूं लागतो व विक्याची कीर्ति पसरते. अशा पुष्कळ पुड्यांत स्टेरॉइड हें द्रव्य चोरून घातलेलें आढळतें. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून निघणाऱ्या संप्रेरकासारखेंच तें आहे, व योग्य रोगांत डॉक्टरांच्या हातीं तें प्राण वांचवितें. पण महिनोन् महिने अज्ञात मात्रेंत घेतलें कीं चेहरा चंद्रासारखा वाटोळा होतो, पोट सुटतें व हातपाय काटक्या होतात, हाडें ठिसूळ होतात, साखर व रक्तदाब चढतो. शिवाय बाहेरून आयतें मिळतें म्हणून शरीरांतील ग्रंथि काम सोडून बसते. तशांत पुडी एकाएकीं बंद झाली, किंवा माणसास मोठा ताप आला, तर रक्तदाब घसरून प्राणावर बेततें. म्हणून ज्यानें अशा पुड्या दीर्घकाळ घेतल्या असतील त्यानें त्या भीतीनें फेंकून न देतां पुडीसह डॉक्टरांकडे जावें. ते मात्रा पायरीपायरीनें उतरवितात.

मधुमेहाविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. येथें शेतकऱ्यास विशेष लागू पडणाऱ्या तीन-चार गोष्टीच सांगतों. स्वादुपिंडांतून इन्शुलिन हें संप्रेरक निघतें व तें रक्तांतील साखर पेशींत पोंचवितें. तें पुरेसें निघेना किंवा पेशी त्यास दाद देईनात म्हणजे मधुमेह. उपाशीपोटींची साखर १२६ किंवा त्याहून अधिक दोन वेळां आली तर तो आहे असें धरतात. मोठ्या वयाचा मधुमेह सावकाश येतो. लहान मुलांतील मात्र कांहीं दिवसांत किंवा आठवड्यांत उतरतो : मूल सारखें पाणी मागतें, रात्रीं अंथरूण भिजवूं लागतें, वाळतें, पुढें ओकाऱ्या, पोटदुखी व खोल श्वास सुरू होतात, तोंडास पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो. येथें देवऋषीकडे घालविलेली एक रात्र महागांत पडते. १९२१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलिन शोधून काढलें व जानेवारी १९२२ मध्यें चौदा वर्षांच्या एका मुलास तें प्रथम टोंचलें. त्यापूर्वीं अशीं मुलें वांचतच नसत. त्यांच्या शरीरांत इन्शुलिन तयारच होत नसल्यामुळें तें जन्मभर टोंचावें लागतें, आणि कोणाच्या काढ्याच्या भरंवशावर तें बंद करणें म्हणजे मुलाचा जीव घालविणें होय.

मोठ्या वयाच्या मधुमेह्यानें अनवाणी शेतांत जाऊं नये. त्याच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. बाभळीचा कांटा मोडून दोन दिवस झाले तरी त्यास कळत नाहीं, व पाय कापण्याची वेळ येते. रोज रात्रीं तळवे स्वतः पाहावे, न दिसल्यास नातवास पाहावयास सांगावें. दुसरें असें कीं, गोळी किंवा सुई घेऊन न जेवतां औत धरणाऱ्यास मध्येंच दरदरून घाम, कांपरें, डोळ्यांपुढें अंधारी येते. ती साखर वाढल्याची नव्हे, उतरल्याची खूण आहे. कोपरींत गुळाचा खडा किंवा साखरेची पुडी ठेवावी व लगेच तोंडांत टाकावी. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडांत कांहीं न घालतां गाडींत घालून दवाखाना गांठावा.

राहिली इन्शुलिनच्या शिशीची गोष्ट. तिला गोठवूंहि नये व तापवूंहि नये. वापरांतील बहुतेक शिशा साध्या हवेंत सुमारें चार आठवडे टिकतात, परंतु आमच्याकडे वैशाखांत पारा चाळिसाच्या वर जातो व वीज तर वेळीं-अवेळीं जाते. ज्यांच्या घरीं फ्रीज नाहीं त्यांनीं एक मोठें मडकें घेऊन त्यांत लहान मडकें बसवावें, दोहोंमधील जागा वाळूनें भरावी, वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवावी व वर ओलें फडकें टाकून सावलींत, वारा लागेल अशा जागीं ठेवावें. आंतील हवा बाहेरच्यापेक्षां बरीच थंड राहते. शिशीस पाणी लागूं नये म्हणून ती प्लास्टिकच्या डबींत बंद करून मगच आंतल्या मडक्यांत ठेवावी, आणि डबीवर शिशी फोडल्याची तारीख लिहावी.